दिवसाचे दिवे बंद करणारं बटण

समोरून येणारा माणूस हात पुढे करतो, पाची बोटं पसरतो, मिटतो, पुन्हा पसरतो. आपल्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: तुमच्या गाडीचा दिवा चालू राहिला आहे, बंद करा. या एका हातवाऱ्याचा मला जेवढा राग येतो तेवढा दुसऱ्या कशाचा येत नाही. कारण तो करणारा माणूस भला असतो. जाता जाता आपण कुणाचं तरी भलं केलं, अशा समाधानात तो पुढे निघून जातो. आणि त्याच्या भलेपणापायी अकोल्यातल्या माझ्या दुकानात मी जे काम करत बसलो, ते अजून माझ्या मानगुटीवर बसलेलं आहे.

माझं दुकान जठारपेठेत. एकतीस वर्षं झाली. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक मला शकील वायरमन म्हणतात. इंजिन, ब्रेक, क्लच यांच्या वाटेला मी जात नाही. गाडीत जिथे तार आहे तिथे मी. हॉर्न वाजत नाही, सेल्फ उचलत नाही, इंडिकेटर एकाच बाजूचा लागतो, असले आजार. हत्यार म्हणाल तर मुख्य एकच, टेस्ट लॅम्प. एका टोकाला सुई, मुठीत बारीक बल्ब. तारेला सुई लावायची. करंट असेल तर बल्ब लागतो, लागला नाही की आजार तिथून मागे कुठेतरी. बाकी सगळं कौशल्य सापडलेली जागा दुरुस्त करून पुन्हा झाकण्यात. माझी टेप मारलेली वायर कंपनीच्या वायरपेक्षा वेगळी ओळखून दाखवा, असं मी पैजेवर सांगायचो. या गर्वाचं पुढे काय झालं तेच सांगायचं आहे.

आधी या दिव्यांविषयी. अलीकडच्या बऱ्याच कारना पुढे, हेडलाईटच्या कडेला किंवा खाली, पांढऱ्या उजेडाची एक पट्टी असते. गाडी सुरू केली की ती आपोआप लागते, भर दुपारीसुद्धा. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात तिला डीआरएल म्हणतात, आमच्याकडे दिवसाचे लाईट. त्या उजेडात रस्ता दिसत नाही आणि रस्ता दाखवायला तो नाहीच. आपली गाडी दुसऱ्याला लांबून दिसावी म्हणून तो आहे. एवढंच मी गिऱ्हाइकाला समजावून सांगायचो. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, ‘थे ठीक हाये शकीलभाई, पण बंद करून द्या.’

काहून, असं विचारलं की उत्तरं ठरलेली. बॅटरी उतरते. (उतरत नाही. इंजिन चालू असताना ती भरतच असते, आणि हे दिवे खातात किती तर घरातल्या एका बल्बाएवढं.) बल्ब लवकर जातो. दिवसाढवळ्या दिवा लावणं बरं दिसत नाही. आणि शेवटचं, खरं कारण: लोक हात दाखवतात. मोटारसायकलींचा पुढचा दिवा कंपनीतूनच कायम चालू यायला लागला, त्याला बटणच नाही, तरी लोक हात दाखवायचे थांबले नाहीत, तर कारवाल्याला कोण सोडतं. आपण सगळे अशा घरांत वाढलो जिथे दिवसा दिवा दिसला की आई हातातलं काम टाकून बंद करायला उठायची. रस्त्यावर आलो तरी ती आई आपल्या अंगातून निघत नाही.

या दिव्यांचं सगळंच चांगलं आहे असंही मी म्हणणार नाही. वरूडचा एक संत्र्याचा व्यापारी होता. सासुरवाडी अकोल्याची, म्हणून गाडी माझ्याकडे आणायचा. दुरुस्तीच्या निमित्तानं पाहुणचार व्हायचा. एका हिवाळ्यात तो आला तो तणतणत. मागून गाडी पार चेपलेली. सकाळच्या धुक्यात ट्रकनं ठोकली होती.

‘तुमी काय वायरिंग केलं शकीलभाई? मांगचे लाईट लागूनच नाई राहिले.’

मी बटण फिरवलं. जो एक दिवा फुटायचा राहिला होता तो व्यवस्थित लागला. मग विचारलं, ‘त्या दिवशी हे बटण फिरवलं होतं का?’

‘कायले फिरवू? मीटर उजळलेलं होतं, पुढचे लाईट चालू होते. लाईट चालूच होते ना बाप्पा.’

पुढचे चालू होते आणि मागे ठार अंधार होता. दिवसाचे दिवे पुढेच असतात, मागचे लाल दिवे त्यांच्याबरोबर लागत नाहीत, हे त्याला गाडी विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. पूर्वी दिवे लावले तरच उजळणारी मीटरची काच आता दिवसरात्र उजळलेली ठेवणाऱ्या शहाण्यांनी तर माणसाला फसवायची पक्की सोयच केली आहे. एवढी अक्कल गाडी बनवण्यात घातली, मागचे दोन दिवे त्याच तारेला जोडताना काय हात मोडले होते का? मी त्याच्या गाडीला ते जोडून दिले, अर्ध्या तासात. त्या कामाचा मला अजून अभिमान आहे.

पण असं काम एखादंच. बाकीच्यांना दिवे बंदच करून हवे असायचे. सुरुवातीला मी फ्यूज काढून द्यायचो. पुढे मीच डोकं चालवलं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या जरा वर, बोटाच्या पेराएवढं एक बटण बसवायचं. दाबलं की दिवे बंद, पुन्हा दाबलं की चालू. ज्याला माहीत नाही त्याला सापडायचं नाही. नमुना दाखवायला म्हणून आधी स्वतःच्या गाडीला बसवलं. मग एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. किती बसवली ते मोजलं नाही. दिवे असण्याचा फायदा मला तोंडपाठ होता, गिऱ्हाइकाला ऐकवायचो आणि ऐकवून झालं की बटण बसवायचो.

तो फायदा मला नीट समजावला होता गजूनं. गजू अकोला ते दर्यापूर काळीपिवळी चालवायचा. काळीपिवळी म्हणजे आमच्याकडची वडापची जीप, नऊ जागांची, बसतात किती ते विचारू नका. महिन्यातून एकदा तरी तो हॉर्नची तक्रार घेऊन यायचा. हॉर्न बिघडणारच, कारण तो वाजवायचाच तितका. हॉर्न दुरुस्त होईपर्यंत बाकावर बसून गप्पा.

‘हे दिवसाचे लाईट लय कामाचे हायेत शकीलभाई,’ तो एकदा म्हणाला होता. ‘आपल्या रोडनं लिंबाची झाडं हायेत ना, तिथं उनात डोळे दिपतात अन् सावलीत काईच समजत नाई. पण लाईटवाली गाडी एक-दीड किलोमीटरवरून समजते. आता त सवयच पडली. लाईट नाई दिसला म्हंजे समोर कोनी नाई, काढा गाडी पुढं.’

हे त्यानं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. त्यातला धोका मला तेव्हाच कळायला हवा होता. बहुतेक नव्या गाड्या दिवे लावून यायला लागल्या की डोळा गाडी शोधायचं सोडतो आणि दिवा शोधायला लागतो. मग ज्याचा दिवा कुणीतरी मुद्दाम बंद करून दिलेला आहे, तो दिसायचाच नाही. आणि मुद्दाम बंद करून देणारा अकोल्यात मी होतो.

बटण बसवलेल्यांमध्ये जठारपेठेतलेच एक वकील होते. नाव लिहीत नाही, कारण ते वाचतील आणि मला कायदा शिकवायला येतील. गाडी राखाडी, डांबराच्या रंगाची. दर्यापूरच्या कोर्टात त्यांचं आठवड्यातून दोनदा जाणं. ‘रस्ताभर लोक मले येड्यात काढून राहिले शकीलभाई,’ म्हणाले. मी नेहमीचं सगळं ऐकवलं आणि बटण बसवून दिलं. ते खूश झाले, दिवाळीला मिठाईचा डबा पाठवला. आम्ही तो घरी बसून खाल्ला.

चैत्रातली दुपार. वकीलसाहेब कोर्टातून अकोल्याकडे परतत होते, गजू अकोल्याहून भरलेली जीप घेऊन दर्यापूरकडे निघाला होता. दर्यापूर आठ-दहा किलोमीटर राहिलं असेल. गजूच्या पुढे कुटाराची ट्रॉली होती, म्हणजे गुरांच्या चाऱ्याची, रस्ता अडवून चाललेली. गजूनं समोर बघितलं, ऊन आणि लिंबाची सावली, दिवा नाही. त्यानं जीप बाहेर काढली. ट्रॉलीच्या बरोबरीला आला आणि सावलीतून कार निघाली.

त्यानं जीप उजवीकडे रस्त्याखाली घातली. जीपचा मागचा कोपरा कारच्या तोंडाला घासला आणि जीप लिंबावर आदळली. वकीलसाहेबांना खरचटलंही नाही. गजूच्या दोन बरगड्या मोडल्या. पुढच्या सीटवर सुनंदाताई होत्या, दर्यापूरच्या अंगणवाडीतल्या. त्यांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. त्यात सळई आहे, आणि काठीशिवाय त्यांना चालता येत नाही.

गजू एकच सांगत होता, ‘मले गाडी दिसलीच नाई.’ भर दुपारी, सरळ रस्त्यावर, एवढी मोठी कार दिसली नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? आदल्या रात्री तो लग्नाची मंडळी पोचवून उशिरा आला होता. मागे बसलेल्यांपैकी एकानं म्हटलं, डुलकी लागली असेल. दुसऱ्यानं म्हटलं, मी पाहिलं, मान खाली गेली होती. तिसऱ्यापर्यंत ते सिद्ध झालं.

चार दिवसांनी वकीलसाहेबांची कार माझ्याकडे आली, हेडलाईटचं वायरिंग करायला. मी आत वाकलो, गुडघ्याच्या वर हात नेला. बटण दाबलेलं होतं, म्हणजे दिवे बंद.

वकीलसाहेब बाजूलाच उभे होते. हळू आवाजात म्हणाले, ‘शकीलभाई, थे बटण काढून टाका. इन्शुरन्सवाला गाडी पाहाले येनार हाये. उगाच इकडचे तिकडचे प्रश्न.’

मी काढलं. बटणाची जागा बंद केली, तार मूळ तारेला जोडली, वर टेप मारली. इतकी सफाईदार टेप मी आयुष्यात मारली नसेल. इन्शुरन्सवाला आला, बघून गेला, त्याला काही दिसलं नाही. एकतीस वर्षांची कारागिरी त्या दिवशी एका माणसाला खोटं पाडायला कामी आली, आणि ते काम मी दुपारच्या जेवणाच्या आत उरकलं.

गप्प का बसलो? स्वतःला मी बरीच उत्तरं दिली. गजूनं ट्रॉली ओलांडायची घाई केली, ही त्याची चूक होतीच. मी बोललो असतो तर माझं नाव कागदावर आलं असतं, बाकीची बटणंही निघाली असती, दुकान बसलं असतं. यातलं एकही खोटं नाही, म्हणूनच मला जास्त राग येतो. सरळसोट भित्रा असतो तर निदान तसं म्हणता आलं असतं.

आषाढात गजू दुकानात आला. पायी. जीप मालकानं काढून घेतली होती, तो दर्यापुरात एका दुकानात पोती उचलत होता, त्या बरगड्यांनी. हॉर्नचं काम नव्हतं तरी सवयीनं बाकावर बसला.

‘शकीलभाई,’ तो म्हणाला, ‘मले वाटते डोळा लागलाच असन माहा. सगळेच म्हनून राहिले, त मीच खोटा असन. सुनंदाताईच्या दारावरून जातो त मान वर होत नाई.’

मी त्याच्यासाठी चहा मागवला. तो चहा पिऊन झाला, पाऊस उघडला, तो एसटीकडे गेला. एवढा वेळ माझ्याजवळ होता आणि मी त्याला चहा पाजला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे गर्दी असते. उद्या गाडीची पूजा, हार घालायचे, सगळं चालू पाहिजे. त्या गर्दीत वकीलसाहेब आले. कार नव्यासारखी झाली होती.

‘थे बटण परत बसवून द्या बरं. रस्ताभर लोक हात दाखवून राहिले.’

मी विचारलं, ‘केसचं काय झालं?’

‘मिटली. त्या डायवरनं कोर्टात कबूल केलं, डोळा लागला म्हून. विषय संपला.’

मला वाटतं माझ्या हातातला टेस्ट लॅम्प मी भिंतीवर फेकला. निदान दुसऱ्या दिवशी तो भिंतीपाशी फुटलेला सापडला. ‘बसवत नाई,’ मी म्हटलं.

‘काहून?’

‘त्याले गाडी काहून दिसली नाई, थे तुमाले माईत हाये वकीलसाहेब. मलेबी माईत हाये.’

वकीलसाहेब शांत होते, त्यांना तशी सवय असते. ‘कारले दिवसा लाईट पाहिजेच असा कायदा कुठं हाये, दाखवा मले. गाडी तो दुसऱ्या बाजूनं काढत होता का मी?’ आणि मग जाता जाता, ‘दोन दुकानं सोडून बसवून भेटते.’

भेटलं. अर्ध्या तासानं त्यांची राखाडी कार माझ्या समोरून गेली, दिवे बंद. माझंच डिझाईन होतं, शेजाऱ्यानं उचललेलं. मला वकिलांचा राग आला, शेजाऱ्याचा आला, हात दाखवणाऱ्या यच्चयावत भल्या माणसांचा आला. पण रागाला एक वाईट खोड असते, सगळीकडे हिंडून तो घरी येतो. वकीलसाहेबांनी कायद्याचा आडोसा घेतला होता. मी कशाचा घेतला होता?

दसऱ्याला दुकान बंद. हार घातलेली माझी गाडी घेऊन मी दर्यापूरला गेलो. गजू घरासमोर बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बटण बसवलं तिथपासून काढलं तिथपर्यंत. त्याला कळायला वेळ लागला.

‘आखाडात मी तुमच्या दुकानात येऊन बसलो होतो,’ तो म्हणाला. ‘तवा काहून नाई सांगतलं?’

तो उठला, माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली. ‘यालेबी बटण हाये ना? चला.’

आम्ही त्या जागेवर गेलो. लिंबाच्या बुंध्यावरची साल अजून भरून आलेली नव्हती. ऑक्टोबरचं ऊन चैत्रापेक्षा काही कमी नसतं, वेळही जवळपास तीच. गजू रस्त्याच्या कडेला उभा राहिला, जिथून त्यानं जीप बाहेर काढली होती. ‘तुमी तिकडून या. एक डाव बंद करून, एक डाव चालू ठेवून. गाडी दिसली का मी हात वर करतो.’

मी लांब गेलो, गाडी वळवली, बटण दाबलं आणि सावलीतून निघालो. मला तो केव्हाचा दिसत होता, उन्हात उभा, पांढरा शर्ट, डोळ्यांवर हाताची सावली धरलेली. दुसरा हात खाली. मी येत राहिलो, हात खालीच. मला त्याच्या मिशा ओळखू यायला लागल्या आणि मग एकदम त्याचा हात वर गेला, तसा तो दोन पावलं मागेही सरकला.

मी पुन्हा मागे गेलो. गाडी वळवली. बटण दाबून दिवे लावले. गिअर टाकायला हात नेला आणि समोर बघितलं. तिकडे उन्हात एक पांढरा ठिपका होता आणि त्या ठिपक्याचा हात वर गेलेला होता. मी जागेवरून हललो नव्हतो.

मी त्याच्यापाशी पोचेपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही. गाडी थांबवली तेव्हा खिडकीशी आला. डोळे भरलेले होते, माझेही.

‘म्हंजे मी झोपलो नोतो,’ तो म्हणाला.

‘नाई गजू. तू झोपला नोता.’

तो आत येऊन बसला. ‘काळीपिवळीच्या स्टँडवर चला. समद्यायसमोर सांगा. पन पयले सुनंदाताईच्या घरी.’ वाटेत एक मोटारसायकलवाला समोरून आला आणि आम्हाला बोटं पसरून मिटून दाखवली. गजूनं खिडकीतून डोकं काढून त्याला जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

सुनंदाताई ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, काठी भिंतीला लावलेली. मी पायरीखाली उभा राहून सगळं पुन्हा सांगितलं. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी गजूकडे बघितलं. मग काठी घेऊन उठल्या, चौकटीला धरून आत जाता जाता थांबल्या.

‘चहा घेशीन ना रे गजू?’ त्यांनी विचारलं.

मला विचारलं नाही.